डोरामावशीचा शंभरावा बॉम्ब

विमान कुणाचं? वैमानिकाला वाटतं, त्याचं. खुळा कुठला! तो नुसता उसनं नेतो. विमान असतं मेकॅनिकचं. दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमधल्या एसेक्सच्या त्या विमानतळावर 'डोरामावशी' हे विमान माझं होतं.

बी-सव्वीस जातीची बॉम्बफेकी, दोन इंजिनांची. पंख आखूड, उतरताना वेग भलताच. सुरुवातीला पोरं मेली फार, म्हणून लोक या विमानाला 'विधवा करणारं' म्हणायचे. माझ्या मावशीनं त्यांची तोंडं बंद केली. नव्व्याण्णव मोहिमा, ठरलेली एकही चुकवली नाही. विमान परत आलं की नाकावर एक पिवळा बॉम्ब रंगवायचा, असा आमचा रिवाज होता.

शंभराव्या मोहिमेच्या सकाळी फोटोवाला येऊन बसलेला. इंजिनं तापवली, तर डावं पूर्ण जोरावर अडखळलं. जरासंच.

तिचा वैमानिक लेफ्टनंट टीसडेल खिडकीतून ओरडला, "काय म्हातारबा, तोंड का पाडलंस?"

"डावं ऐकू येत नाही का साहेब?"

"खोकतेय जरा. जाऊ दे की, शंभरावी आहे!"

"आत सहा जण बसताय. नाही म्हणजे नाही."

मी तपासणीच्या कागदावर लाल फुली मारली. त्या फुलीपुढे कर्नलचंही चालत नाही. एकही मोहीम न चुकवण्याचा विक्रम गेला, वाईट वाटलं. पण पोरं वाचली असं वाटून बरंही वाटलं.

"भित्रा लेकाचा!" टीसडेल हसत उतरला. "ब्रशला हात लावू नकोस हं. शंभरावा बॉम्ब मी रंगवणार."

सहाही जण राखीव विमानात चढले आणि गेले.

मी डावं इंजिन उघडलं. एक प्लग काजळला होता. वीस मिनिटांचं काम.

दुपारी विमानं परतली. राखीव विमान त्यांत नव्हतं. ज्या पुलावर बॉम्ब टाकायचे होते, तिथेच शत्रूच्या तोफेचा गोळा थेट पंखात बसला, एकही पॅराशूट उघडलं नाही, असं शेजारच्या विमानातले म्हणाले. मी मावशीच्या चाकाशी बसून रडलो. तू बरोबर तेच केलंस, असं सगळे सांगत होते. बरोबरच केलं होतं. तोच प्लग परत दिसला असता तरी मी फुलीच मारली असती.

तिसऱ्या दिवशी दुसरेच सहा जण मावशीला घेऊन गेले आणि परत आले. ओरखडासुद्धा नाही. फोटोवाला धावत आला, नाकावरचे बॉम्ब मोजले आणि म्हणाला, "अहो, एक राहिला की!"

"रंगवणारा यायचाय अजून," मी म्हणालो आणि रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.