वरचा चटका, आतला शेक

मित्रांनो, मी शेक देणारी जुनी मशीन आहे. सोलापुरात चंद्रिकाताईंच्या दवाखान्यात खिडकीपाशी उभी असते. रंग उडालाय, एक चाक लंगडतं. पण कालपरवा आलेल्या चकचकीत मशिनींनी माझ्यापुढं मिरवू नये.

माझ्या पोटात विस्तव नाही. दोन हातांना दोन गाद्या आहेत. त्यांच्यामधून न दिसणारी लहर जाते आणि अंगातच ऊब तयार होते. मागावर उभं राहून पाय धरलेले विणकर यायचे, अंगानं नुसत्या काटक्या. शेक सरळ स्नायूत उतरायचा. "मशीनला गुण हाय," म्हणायचे. मी फुगायची, खोटं कशाला सांगू?

मग कुंभारी गावच्या गंगम्मा आल्या, सुनेला घेऊन. कडक भाकरीचा धंदा. मांडी भरदार, आतला स्नायू आखडलेला. चुलीपुढं बसता येईना. असंच राहिलं तर परात सुनेच्या हाती जाणार, हा त्यांचा खरा घोर.

ताईंनी विचारलं, "अम्मा, ऊब लागतीय का?"

"कसली ऊब? तव्यावरची भाकरी हातानं उलटते मी. वाढव की."

ताईंनी वाढवलं. गंगम्मांनी पदर दातांत धरला, पण सुनेदेखत हूं की चूं नाही. ताईंचं लक्ष गेलं, त्यांनी मला झटकन बंद केलं. मांडी लालबुंद झाली होती.

"भाजत होतं तर बोलायचं नाही का?"

"वर भाजतंय, आत गारच हाय. म्हातारी झाली तुजी मशीन, भंगारात घाल."

मला भंगारात! आणि स्वतः कोण, काल जन्मली?

ताई शांतपणे म्हणाल्या, "अम्मा, जाळ मोठा केला की भाकरीचं काय होतं?"

"वरनं करपती, आत कच्ची."

"तसंच झालं. या गाद्यांचा शेक आधी चरबीच खाते. खालच्या स्नायूला थोडाच उरतो."

"म्हंजे मी जाडी व्हय?"

"खात्यापित्या घरच्या आहात."

सून खाली बघून हसली. गंगम्मा नाही हसल्या.

लाली गेल्यावर त्या परत आल्या. ताईंनी कपाटात धूळ खात पडलेली माझी वाटोळी तबकडी जोडली. तिची लहर चरबीला फार तापवत नाही. पाण्यानं भरलेल्या स्नायूला तापवते.

"आता?"

"आतनं बरं वाटतंय." मग सुनेकडं एकदा बघून त्या हळूच म्हणाल्या, "थांब. लई होतंय. सोसंना."

ताईंनी काटा खाली आणला.

आता गंगम्मा चुलीपुढं पाटावर बसतात. परात त्यांच्याचपुढं असते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, तबकडी जपा. पण तुमच्या अंगात काय चाललंय, ते माझ्या काट्याला कळत नाही. ते तुम्हीच बोला. गप्प राहून सोसणाऱ्याला मी नुसती भाजते.