वकिलाचा आवाज

घोडपदेवच्या चाळीत कुशाबाच्या कुत्र्याला सगळे वकील म्हणत. थट्टेनेच, कारण हा वकील कधी तोंड उघडत नसे. त्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं, लालबागकडून गोळीबाराचे आवाज येऊ लागले, तेव्हा गल्लीतली झाडून सारी कुत्री भुंकून बेजार झाली. वकील पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडून राहिला. पोलीस जिन्यापर्यंत येऊन गेले, तरी त्याने नुसतं पाहिलं.

शेजारच्या खोलीतली सुनेत्रा मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. वकिलाची बाजू घेणारी मजल्यावर ती एकटीच. पुष्कळ कुत्री भीतीपोटी भुंकतात, काही कोणी लक्ष द्यावं म्हणून. याला दोन्हीची गरज नाही, हा आधी बघतो आणि मग ठरवतो, असं ती सांगायची. याची आईही अशीच शांत होती, हेही तिला आठवत होतं. परवा कुशाबाची बायको शेवंती सांगत आली, की वकील कॉटखाली बसून आहे, हाक मारली तरी येत नाही. वह्या तपासता तपासता सुनेत्रा म्हणाली होती, स्वभावच आहे त्याचा.

आणि आज सकाळी वकील भुंकला.

मजला गॅलरीत लोटला. संचारबंदीने घरात कोंडलेल्या माणसांना हसायला काहीतरी मिळालं.

"कुशाबा, वकिलाला केस मिळाली रे!" पलीकडच्या खोलीतला राजाराम ओरडला.

कुशाबा तर लेकराला वाचा फुटल्यासारखा खूश.

सुनेत्राच्या हातातलं पेन तसंच राहिलं. भुंकणं तुटत नव्हतं. घोगरं सुरू व्हायचं आणि शेवटी ताणत ताणत रडण्यासारखं वर जायचं. तिने कुशाबाच्या दारातूनच आत पाहिलं. वकिलाचा खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार जमिनीला लागली होती. कानावर महिन्यापूर्वीच्या चाव्याचा व्रण होता. बाहेरच्या कुत्र्याने घेतलेल्या त्या चाव्याची जखम तिनेच पुसली होती.



"काकू, पाणी कधीपासून पीत नाही हा?"

दोन दिवस, शेवंती म्हणाली. घशात हाड अडकलं असणार. ह्यांनी पहाटे हात घालून पाहिलं, पण काही सापडलं नाही.

सुनेत्राने कुशाबाचा उजवा हात धरून उजेडात नेला. बोटाच्या मागे दोन बारीक ओरखडे होते. रक्त सुकलं होतं.

"चावला नाही गो तो," कुशाबा म्हणाला. "माझाच हात होता त्याच्या तोंडात."

दोघांना बाहेर काढून तिने खोलीला बाहेरून कडी घातली आणि तो हात नळाखाली धरला. साबण लावून कितीतरी वेळ ती धूत राहिली. इतकी वर्षं त्याचं गप्प राहणं तिने नेमकं पाहिलं, समजावलं. आणि परवा तेच गप्प राहणं वेगळं झालं, तेव्हा वर पाहिलंसुद्धा नाही. कुत्रं पिसाळलंय, त्यावरची पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं परळच्या इस्पितळात मिळतात, आणि ती आजच सुरू व्हायला हवीत, एवढं तिने काकांना सांगितलं. उशीर झाला तर काय, हे सांगायची वेळ आली नाही. तिच्या तोंडाकडे पाहून गॅलरीतलं हसू आपोआप थांबलं होतं.

संचारबंदी सकाळी दहा वाजेपर्यंत उठवलेली होती. राजारामला दारापाशी बसवून दोघं जिना उतरली. रस्त्यावर दगड आणि काचा पसरल्या होत्या. गल्लीच्या टोकापर्यंत वकिलाचा आवाज मागे येत राहिला.

कुशाबा थबकला. "काय पण खणखणीत आवाज लागला बघ," तो म्हणाला, पण आता खूश दिसत नव्हता.

"तो त्याचा आवाज नाही, काका."

कुशाबाने वळून पाहिलं नाही. ओला हात छातीशी धरून तो तिच्या पुढे भरभर चालू लागला.