भुजलीचं नाव

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि राखी पार ऑगस्टच्या टोकाला गेली. त्या लांबलेल्या दिवसांत माझ्या घरच्यांनी मला जेवढा वैताग दिला, तेवढा सासूनंही कधी दिला नव्हता. सासू निदान तोंडावर बोलायची.

उन्हाळ्यात आमच्या केशोरीला तपासणीचं शिबिर लागलं. मी नुसती शेजारच्या नंदाबाईच्या सोबतीला गेले होते. नर्सबाईनं माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा पाहिला आणि पुन्हा फुगवला. वरचा आकडा एकशे सत्तर.

"आजी, चक्कर येते का?"

"नाही."

"डोकं दुखतं?"

"नाही बाप्पा."

"मग तुम्हाला कळलं कसं नाही?"

आता हे मी तिला काय सांगणार? डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी घ्यायला सांगितली, मीठ कमी करा म्हणाले, आणि तोवर निरोप मिळून माझा मुलगा हेमेंद्र येऊन उभा होता, त्याच्याकडे वळून म्हणाले, "यांना टेन्शन देऊ नका."

त्या एका वाक्यानं माझं घर बिघडलं.

हेमेंद्रचं गावात खता-बियाण्यांचं दुकान आहे. धानावर करपा दिसला की लगेच फवारणी, ही त्याची सवय. आईवरही त्यानं तेच सुरू केलं. दुसऱ्या दिवशी बीपीचं मशीन घरात आलं. सकाळी पट्टा, संध्याकाळी पट्टा, आणि प्रत्येक आकडा त्याच्या फोनात टिपलेला. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. सुकट घरात यायची बंद झाली. सकाळी बासी भातात मिठाचा खडा आणि कांदा, एवढं माझं सुख, तेही गेलं. मीठ गेल्याचं मी सहन केलं, ते औषधच होतं. पण टीव्ही लावला की सून मंजू येऊन मालिका बदलायची. मंजू गोंदियाची, तिच्या बोलण्यात अर्धी हिंदी.

"आई, उसमें बहुत झगडा है. आप टेन्शन मत लो."

"अवं, भांडण त्याईच्या घरी आहे. मले कायचं टेन्शन?"

पण नाही. मी स्वयंपाकघरात गेले की बोलणं थांबायचं. धानाचा रोवणा आला. आजवर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, कधी उपटायचे, शेताच्या कोणत्या बांधीत आधी रोवायचं, कोणत्या बायांना सांगायचं, हे मला विचारल्याशिवाय झालं नव्हतं. त्या वर्षी रोवणा होऊन गेल्याचं मला नंदाबाईकडून कळलं. हेमेंद्रला विचारलं तर म्हणतो, "तू आराम कर ना, आई. तुले कायले पाहिजे ते?"

घरात राहून पाहुणी झाले होते मी. पण हे सगळं परवडलं असतं. परवडलं नाही ते माझ्या भुजलीचं.

भुजली म्हणजे काय हे आता मंजूलाही समजावून सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगते. माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. तिकडं श्रावणात पळसाच्या पानांच्या दोण्यात माती घालून गहू पेरायचे आणि टोपल्याखाली अंधारात झाकायचे. हळदीसारखे पिवळे अंकुर येतात, तीच भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी पोरीबाया गाणी म्हणत दोणे तलावावर नेतात, माती पाण्यात सोडतात आणि धुतलेले अंकुर एकमेकींच्या कानावर खोवतात. दोन पोरींनी मोठ्यांसमोर असे अंकुर बदलले, की त्या एकमेकींच्या जन्माच्या भुजली. सुखात बोलावणं, दुखण्यात धावणं, मरणात शेवटपर्यंत बसणं, हे सख्ख्या बहिणीला एक वेळ चुकेल, भुजलीला चुकत नाही. आणि त्या दिवसापासून एकमेकीचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती भुजली अशीच. चुकून नाव निघालं तर नारळ फोडायचा.

आम्ही तिसरीत असताना भुजली झालो. त्याच वर्षी ती तापानं घरी होती आणि मास्तरांनी मला विचारलं, "तुझ्याजवळ बसते ती पोरगी कोण? काऊन नाही आली?" मी गप्प. मास्तरांना वाटलं, पोरगी उद्धट आहे. छडी बसली, तरी मी नाव घेतलं नाही. संध्याकाळी तिला हात दाखवला तर तापातही खुदकन हसली, आणि म्हणाली, "नारळ वाचला तुह्या बापाचा."

ती सौंदडला दिली, मी केशोरीला आले. एका वर्षी राखीनंतर ती इकडं यायची, एका वर्षी मी तिकडं. फोन आल्यापासून दर रविवारी बोलणं. आदल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला आणि तिचा आवाज बारीक झाला. जेवण जात नाही, झोप लागत नाही, म्हणायची. बीपी तिला माझ्या आधीपासून होतं, पण गोळ्या तिनं सोडून दिल्या होत्या.

"डोकं दुखत नाही तं गोळी कायले खाऊ?"

"अवं, माह्यं बी दुखत नव्हतं. तरी एकशे सत्तर निंगालं."

"तू नको डाक्टरीन होऊ आता," असं म्हणून ती हसायची. हसणंही बारीकच.

जुलैत तिचा फोन लागेनासा झाला. हेमेंद्र म्हणाला, तिकडचा टॉवर बिघडला. सौंदडला रेल्वे स्टेशन आहे, जवळून मोठा रस्ता जातो, तिथला टॉवर पंधरा दिवस बिघडलेला? मग म्हणाला, फोन पाण्यात पडला. मग म्हणाला, योगराज आईला घेऊन तीर्थाला गेला. योगराज म्हणजे तिचा मुलगा.

"रोवण्याच्या दिवसांत योगराज शेत टाकून तीर्थाला गेला?"

"गेला असेल ना, आई! तू बीपी कायले वाढवून राहिली?"

मला खोटं कळत नाही असं या पोरांना का वाटतं कोण जाणे. हेमेंद्रचं लहानपणीचं सगळं खोटं मीच पकडलेलं आहे. झोप उडाली. सकाळचा आकडा चढू लागला. पुन्हा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, "घरात काही काळजीचं आहे का?" मी तोंड उघडायच्या आत हेमेंद्र मोठ्या अभिमानानं म्हणाला, "काहीच नाही, साहेब. आम्ही तिला काही कळूच देत नाही."

डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहून दिली.

नागपंचमीला मी गहू पेरले. यंदा जायची पाळी माझी होती आणि मी जाणार होते, टॉवर असो नसो. मंजू दारात उभी राहून पाहत होती.

"आई, इस बार रहने दो ना."

"काऊन?"

"नाही, म्हणजे... तुमचं बीपी."

"गहू पेरल्यानं बीपी चढते का?"

ती डोळे चुकवून आत गेली. मंजूला खोटं बोलता येत नाही, हा तिचा गुण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळला.

राखीच्या आदल्या दिवशी मी दुकानाच्या ओट्यावर बसले होते. सौंदडचा बिसराम, योगराजच्या शेजारचा, इकडं लेकीकडं आला होता. खताचं पोतं न्यायला दुकानात शिरताना मला पाहून थबकला.

"राम राम, बाई. तुमी इथंच? मले वाटलं, तुमी सौंदडले असाल."

"कायले?"

"कायले म्हंजे? रुख्माबाईले लकवा मारून महिना होऊन राहिला ना. उजवं अंग गेलं. बोलनं बी तुटलं. गोंदियाले दवाखान्यात होती, आता घरी आनली."

आतून हेमेंद्र दोन्ही हात हलवत धावत आला. बिसराम त्याच्याकडं पाहून म्हणाला, "का झालं? बाईले माहीत नाही का?"

आता दुसरा कोणी असता तर आईजवळ बसला असता. माझा मुलगा मशीन आणायला धावला. "आई, हात दे. पहिले हात दे." अर्धा बाजार पाहत होता. मी हात दिला. एकशे अठ्ठ्याण्णव.

"पाहा! म्हणूनच सांगतलं नव्हतं!"

"हे आज चढलं का रे? महिनाभर चढून राहिलं. तुह्याच फोनात टिपून आहे ना, काढ ते आकडे. तुह्या गप्प राहण्यानं उतरले का, पाहून सांग मले."

तो आकडे काढत बसला नाही. माझ्या शेजारी ओट्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "आई, योगराजनंच नको म्हटलं. ती तुले ओळखत नाही."

दवाखान्यात तिला फोटो दाखवून बोलायला लावा असं सांगितलं होतं. योगराज रोज फोटो दाखवून नावं विचारायचा. तुटकं तुटकं का होईना, तिनं सगळ्यांची नावं घेतली. सुनेचं, नातवाचं, गायीचं सुद्धा. माझा फोटो आला की ओठ मिटायची आणि भिंतीकडे तोंड करायची. पुन्हा विचारलं की रडायची, तिचं बीपी चढायचं. शेवटी त्यांनी माझा फोटो काढूनच टाकला.

"तुले पाहून तिचं बीपी चढेल, आन तिनं ओळखलं नाही तं तुह्यं चढेल. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं."

दोन शहाण्यांनी मिळून ठरवलं.

मी गोळी घेऊन पडून राहिले. डॉक्टरांना फोन झाला. राखीचा दिवस त्यांनी मला झोपवून ठेवलं, मीही राहिले, कारण मला दुसऱ्या दिवशी जायचं होतं. आकडा थोडा उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या. हेमेंद्रनं गाडी काढली, मंजूही सोबत बसली. मांडीवर दोणा, पायाशी मशीन. नवेगावबांध मागे पडलं. खरं सांगते, मला तिच्या लकव्याचं दुःख होतं, पण त्याहून मोठा राग होता. गायीचं नाव आठवतं, आणि जिच्यासाठी मी छडी खाल्ली तिला मी आठवत नाही?

ती खाटेवर उशीला टेकून होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. वेणी कोणीतरी घाईत घातलेली. मला पाहून तिचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. मी पुढं होणार तेवढ्यात योगराज मध्ये आला.

"थांबा, मावशी, अचानक नको. आई, पाय, कोन आलं? सांग पाहू. नाव सांग."

तिनं ओठ घट्ट मिटले.

"नाव सांग, आई. तुले येते. स... सा..."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"पाहा, मावशी," योगराज म्हणाला. "म्हनूनच नको म्हनत होतो."

मी त्या मिटलेल्या ओठांकडे पाहत राहिले. आणि माझ्या डोक्यात जो काही प्रकाश पडला, त्यासरशी मी अशी ओरडले की हेमेंद्र बाहेर मशीन आणायला पळाला.

"अरे गाढवा! ती माह्यं नाव घेईल कशी? तिनं आठ वर्षाची असल्यापासून माह्यं नाव घेतलं नाही! मी तिची भुजली आहो! तू महिनाभर तुह्या आईले रोज नेम मोडायले सांगून राहिला!"

योगराज म्हणाला, "पन... ते तं जुन्या..."

"जुन्या काय? विचार तिले. नाव नको विचारू. मी तिची कोण, ते विचार."

त्याची वाट न पाहता मीच विचारलं. तिनं तोंड इकडं वळवलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "भु... ज... ली." मग एवढ्या दिवसांचा सगळा राग गोळा करून तिनं मुलाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "ये... डा."

मी दोण्यातले अंकुर काढून तिच्या कानावर खोवले. तिनं डाव्या हातानं चार अंकुर घेतले. माझा कान तिला सापडेना; अंकुर एकदा डोळ्यात गेले, एकदा नाकात. मी खाली वाकून राहिले. शेवटी बसले. मागून हेमेंद्र म्हणत होता, "आई, जरा हात दे ना." मंजू पहिल्यांदाच त्याच्यावर खेकसली, "अहो, थोडी देर चुप बैठो!"

नंतर त्यानं पट्टा लावलाच. एकशे बासष्ट. भुजलीचंही पाहिलं, तिचं माझ्याहून थोडं जास्त. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री मी तिच्या खोलीत चटईवर झोपले आणि उजाडेपर्यंत जाग आली नाही.

पुढं ती काठी घेऊन ओट्यापर्यंत चालू लागली. गोळ्या मुकाट्यानं घ्यायची, कारण मी रविवारी फोनवर त्यांचंच आधी विचारायचे. गेल्या माघात तिला दुसरा झटका आला. योगराजनं तासाभरात मला फोन केला, काही लपवलं नाही. मी शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून होते. योगराज आता दर रविवारी स्वतः फोन करतो आणि शेतातलं सगळं सांगतो, विचारलं नसलं तरी.

मंजू आता श्रावणात गहू पेरते, आणि घरातली प्रत्येक बातमी मला इतकी तपशिलानं सांगते की कधी कधी जुने दिवस बरे होते असं वाटतं. बिसराम अजून दुकानात येतो, काही सांगण्याआधी हेमेंद्रकडं पाहून विचारतो, "सांगू का?" हेमेंद्रला मागच्या वर्षी बीपी निघालं. दुकानाचं काहीतरी मनात दाबून ठेवलं होतं त्यानं, आम्हाला टेन्शन नको म्हणून. आता सकाळी त्याच्या दंडाला पट्टा मी बांधते आणि तो सुटेपर्यंत त्याला बोलायला लावते. डॉक्टर म्हणतात, पट्टा लावल्यावर बोलू नये. मग पट्टा सोडून बोलायला लावते आणि पुन्हा बांधते.

माझ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत. लोणच्याची बरणी माळ्यावरच आहे.

आणि हे लिहिताना बिसरामच्या बोलण्यात भुजलीचं नाव लिहावं लागलं. बोलणं त्याचं असलं तरी हात माझाच. म्हणून आज सकाळी नारळ आणवला आणि फोडला. खोबरं हेमेंद्रनं मला खाऊ दिलं नाही.