सादळलेल्या पट्ट्या

संक्रांतीला गोड बोलावं म्हणतात. वैजयंतीने त्या वर्षी पाच महिने आधीपासून ठरवलं होतं, की बोलायचं ते संक्रांतीलाच, आणि गोड मुळीच बोलायचं नाही.

कारण घडलं होतं श्रावणात. चौऱ्याऐंशीच्या श्रावणात. तिच्या दहा वर्षांच्या स्मिताला डायबेटिस होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. किती द्यायचं ते पट्टीवर ठरायचं. बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा, मिनिटभराने कापसाने पुसायचा आणि पट्टीला आलेला रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. जितका गडद, तितकी साखर जास्त. पट्ट्या परदेशातून यायच्या आणि एका बाटलीत नवऱ्याच्या, अरविंदच्या पगाराचा मोठा लचका जायचा. म्हणून वैजयंती एकेक पट्टी ब्लेडने उभी चिरून एकीच्या दोन करायची. तरी महिना निघत नसे.

वाशीत पट्ट्या मिळायच्या फक्त श्यामसुंदरच्या औषधाच्या दुकानात. आणि श्यामसुंदर म्हणजे काय, देवमाणूस! अख्खी बाटली परवडत नाही ना, वहिनी? मग सुट्या न्या की! काउंटरवर काचेची बरणी, बरणीत पट्ट्या, शेजारी गोळ्या-बिस्किटं. पाहिजे तेवढ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. लोक दुवा द्यायचे. वैजयंतीनेही दिला होता, याचाच तिला पुढे सगळ्यात जास्त संताप यायचा.

श्रावणात चार दिवस पट्टी फिकट येत राहिली. साखर उतरली म्हणून वैजयंती इन्सुलिन कमी करत गेली. पोरगी घटाघटा पाणी पीत होती, वाळत चालली होती, ते दिसत होतं. पण पट्टी खोटं कशाला बोलेल? पाचव्या दिवशी स्मिता उलट्या करता करता बेशुद्ध पडली. टॅक्सीने खाडीपूल ओलांडून मुंबईच्या इस्पितळात नेलं. पट्टीवर नव्वद दिसलेली साखर तिथल्या तपासणीत पाचशेच्या वर निघाली.

"पट्टी सादळली आहे," डॉक्टर म्हणाले. "उघड्यावर, त्यात खाडीची हवा. अशी पट्टी आंधळी होते."

दोन दिवसांनी स्मिताने डोळे उघडले. ती घरी आल्यावर वैजयंती दुकानात गेली. श्यामसुंदरने चार गिऱ्हाइकांसमोर हात जोडले. "वहिनी, माझ्या पट्ट्या अर्धी वाशी नेते. एकाची तक्रार नाही. आईच्याच हाताला नीट पुसता आलं नसेल, तर दुकानाच्या नावाने खडे फोडून काय उपयोग?"

चार गिऱ्हाइकांचं चाळीस जणांना कळायला वेळ लागला नाही. जिन्यात बायका हळहळू लागल्या, "बिचारी, स्वतःच्याच हातून झालं." एकदा जेवताना अरविंदनेही विचारलं, "तू नीट पुसलं होतंस ना?" विचारलं आणि पुढचा घास घेतला. त्या दिवसापासून वैजयंतीने श्यामसुंदरवर असा डूख धरला, की नागिणीने तिच्याकडे शिकायला यावं.

संक्रांत आली. वैजयंतीने हातातली एक पाटली मोडली आणि मुंबईहून पट्ट्यांची सीलबंद बाटली आणली. मग हळदीकुंकवाची आमंत्रणं. जिन्यातल्या हळहळणाऱ्या झाडून सगळ्या. श्यामसुंदरची बायको जयमाला, तिला तर दोनदा जाऊन. आणि वाशी गावातल्या चांगुणाबाई. इथे इमारती उभ्या राहिल्या त्याआधी यांची भातशेती होती. आता गावाच्या कडेला त्यांचे गाळे होते आणि त्यातल्याच एकात श्यामसुंदरचं दुकान. चांगुणाबाईंनाही साखर होती आणि त्याही बरणीतल्याच पट्ट्यांवर बघायच्या. पायाच्या अंगठ्याची जखम सहा महिने भरत नव्हती. वैजयंतीने सांगितल्यावरून त्यांनी येताना दुकानातून सुट्या पट्ट्या आणल्या होत्या.

हळदीकुंकू झालं, अत्तर लावलं. वाणाची ताटली आणायची त्या जागी वैजयंतीने कापूस, सुई आणि बाटली आणून ठेवली.

"चांगुणाबाई, बोट द्या. आज किती घरचा तिळगूळ खाल्लात?"

"च्यार घरचा," चांगुणाबाई ओशाळून म्हणाल्या. "तिलगुल घ्या, गोर बोला बोलतान, नाय कसा म्हनू?"

एकाच बोटाच्या रक्ताचे दोन थेंब, दोन पट्ट्यांवर. एक पुडीतली, एक बाटलीतली. वैजयंतीने दोन्ही सगळ्यांसमोर पुसल्या. सावकाश, दाखवून दाखवून. पुसता येत नाही ना मला? बघा मग.

पुडीतली पट्टी सादळलेल्या पापडासारखी फिक्कट पडून राहिली. बाटलीतली बघता बघता काळीनिळी झाली.

"म्हंजी सा महिनं मना इतकी साखर व्हती?" चांगुणाबाईंनी अंगठ्याकडे पाहिलं. "नि मी नाय समजून खात व्हते?"

तेवढ्यात जयमाला, जिच्या पोटात पाप नव्हतं आणि तोंडाला कुलूप नव्हतं, ती म्हणाली, "अय्या, सुट्या सादळतातच! आमच्या सासूबाईंना साखर आहे ना, हे त्यांच्यासाठी घरी वेगळी बाटली ठेवतात. झाकण जरा उघडं राहिलं तरी ओरडतात."

इतके दिवस वैजयंतीला वाटत होतं, माणूस लोभी आहे, निष्काळजी आहे. त्याला तर माहीत होतं! बाटली आईसाठी आणि बरणी स्मितासाठी!

हळदीकुंकवाच्या कपाळांची ती अख्खी वरात दुकानावर गेली. चांगुणाबाई पुढे, लंगडत. श्यामसुंदरने सवयीने हात जोडले.

"तुजी आय ती आय, नि आमी कोन रं?" चांगुणाबाई गरजल्या. "गाला माजा हाय. उद्या कुलूप लावते. बस बरनी घेऊन रस्त्यावर!"

श्यामसुंदरने बायकोकडे पाहिलं. जयमालाने तोंडावर पदर घेतला होता. मग तो वैजयंतीकडे वळला. "वहिनी, चुकलं. तुम्ही सांगा ना यांना."

हे ऐकायला ती पाच महिने थांबली होती. कुलूप पडलेलं डोळ्यांसमोर आलं आणि बरंही वाटलं. पण उद्या सकाळी स्मिताला पट्टी लागणार होती.

"कुलूप नको," ती म्हणाली. "पट्ट्या कुठून आणू मी? यापुढे सीलबंद बाटली. छापील किमतीत, एक पैसा वर नाही. आम्ही पाच घरं मिळून घेऊ आणि पट्ट्या चिरून वाटून घेऊ. बाटलीचं सील आमच्यासमोर फुटेल आणि पहिली पट्टी तुमच्या बोटावर. तुमच्या खर्चाने. आणि त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर जे बोललात, ते आता यांच्यासमोर परत घ्या."

त्याने घेतलं. मान खाली घालून, पण ऐकू येईल असं. बरणी चांगुणाबाईंनी उचलून गटारात रिकामी केली.

तेव्हापासून दर महिन्याला बाटली आली की श्यामसुंदर काउंटरवर हात ठेवायचा. बोटाच्या कडेला टोचलं तर कमी दुखतं. स्मिताला वैजयंती कडेलाच टोचायची. याला ती बरोबर मधोमध टोचायची.

एकदा स्मिता बरोबर आली होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, यांना साखर नाहीच. यांच्या बोटावर चांगली पट्टीही फिकटच राहणार. मग पट्टी चांगली की वाईट, कसं कळणार?"

"नाही कळत. ते आपण नंतर चांगुणाबाईंच्या बोटावर बघतो."

"मग यांना का टोचतेस?"

श्यामसुंदरनेही मान वर केली. हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

वैजयंतीने सुई पुसली. "रक्त नीट आलं नाही," ती म्हणाली. "दुसरं बोट द्या."