त्याच ड्राइव्हची साक्ष

अठ्ठावीस डिस्कपैकी पहिल्या नऊ उघडल्या. दहावीपासून अठ्ठाविसावीपर्यंत एकही उघडली नाही. वहीत मात्र सगळ्या अठ्ठावीस डिस्कच्या नावापुढे, त्या-त्या दिवसाच्या तारखेसह, 'तपासली, वाचता आली' अशी नोंद होती.

साडूंनी ही वही माझ्यापुढे सरकवली तेव्हा तिच्यावर एक टंकलेला कागद ठेवलेला होता. तापमापक आणि वजने पडताळून देणारी त्यांची प्रयोगशाळा आहे; दोन खोल्या, खाली काचेचे दुकान. तेथला संगणक त्यांची थोरली बहीण सांभाळते. दर तीन महिन्यांच्या नोंदी ती एका सुट्या डिस्कवर उतरवून ठेवी. ही डिस्क म्हणजे तळहाताएवढी चौकोनी प्लास्टिकची डबी, आत चुंबकीय चकती. संगणकाला बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हमध्ये घालायची, काम झाले की काढून खणात ठेवायची. गेल्या आठवड्यात संगणक जळाला. साडूंनी दुसरा आणला, त्याला त्याच बनावटीचा, पण वेगळ्या पिनेचा, एक वापरलेला ड्राइव्ह जोडला, आणि पावणेपाच वर्षांच्या नोंदी नाहीशा झाल्याचे त्यांना कळले. परवाना देणाऱ्या खात्याचा निरीक्षक सोमवारी येणार होता. कागदावर लिहिले होते : 'नोंदी माझ्या हलगर्जीपणामुळे नष्ट झाल्या. मी काम सोडत आहे.' सहीची जागा रिकामी होती.

"तुम्ही पदार्थविज्ञान शिकवलंय, तुमचं ती ऐकेल," साडू म्हणाले. "तिला सांगा, डिस्क तपासल्याच नाहीत, नुसतं वहीत लिहीत गेली."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"दहावी डिस्क कधीची ते बघा. भावोजी अंथरुणाला खिळले तो महिना. तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं."

ताई दारातच उभ्या होत्या. "डोकं ठिकाणावर नसतं तर तुझ्या तापमापकांनी निम्म्या गावाला ताप आणला असता," त्या म्हणाल्या. "सही मी करणार नाही. आणि गेलेल्या माणसाला मध्ये ओढू नकोस."

"त्याच महिन्यात तुम्ही या खोलीला रंग दिलात," मी साडूंना म्हणालो. "मग रंगावर का संशय घेत नाही?"

"साडूभाऊ, आम्ही तुम्हाला मदतीला बोलावलं. वकिलीला नाही."

मी कोणाचीच वकिली करत नव्हतो. या डिस्कविषयी माझे मत पहिल्यापासून वाईट होते. मऊ चकती, तिच्यावर केसभर अंतराने फिरणारे टोक, आणि ती डबी दर वेळी माणसाच्या हाताने आत-बाहेर : यावर सात वर्षांच्या नोंदी सोपवणे हे मला पटलेले नव्हते. ताईंविषयीही माझे मत फार चांगले नव्हते, आणि त्यांचे माझ्याविषयी त्याहून वाईट. 'सर चहात आधी तापमापक बुडवतात, मग बिस्कीट,' असे त्या चारचौघांत सांगत.

मी एक कोरी डिस्क नव्या ड्राइव्हवर लिहून पाहिली. ती वाचता आली. म्हणजे नवा ड्राइव्ह धड होता. डिस्कच्या खणात होकायंत्र फिरवले. सुई हलली नाही, म्हणजे आसपास चुंबक नव्हता. उष्णतेचा प्रश्नच नव्हता, त्या खोलीचे तापमान दिवसातून दोनदा लिहिले जाते. शिवाय उघडणाऱ्या आणि न उघडणाऱ्या डिस्क एकाच खणात, सरमिसळ पडलेल्या होत्या.

"झालं? मग राहिलं काय?" साडूंनी विचारले.

"चोर सापडत नाही म्हणून संन्याशाला सुळी देऊ नका."

"संन्यासी नव्हे, सख्खी बहीण आहे. त्याचंच तर दुखणं आहे."

मी ताईंकडे वळलो. "तुम्ही तपासत होतात ते नेमकं कसं?"

"जसं लिहून दिलंय तसं."

"कोणी लिहून दिलंय?"

त्यांनी कपाटातून कामाच्या नियमांचा जाड पुठ्ठा काढला आणि माझ्या हातात न देता टेबलावर टाकला. अक्षर माझे होते; प्रयोगशाळा निघाली तेव्हा हे नियम मीच लिहून दिले होते. सहावा नियम होता : 'पुनर्तपासणी ज्या उपकरणावर मूळ काम झाले त्याच उपकरणावर करावी. मध्येच उपकरण बदलू नये.' तापमापकांसाठी हा नियम बरोबर आहे. उपकरण बदलले तर फरक वस्तूत आहे की उपकरणात, हे सांगता येत नाही.

"हा डिस्कसाठी नव्हता," मी म्हणालो.

"मी विचारलं होतं, सर. दुरुस्तीवाल्याकडे दुसरा ड्राइव्ह आहे, त्यावर लावून बघू का म्हणून. तुम्ही म्हणालात, 'ताई, नियम कळत नसेल तर निदान पाळा.'"

मला ते वाक्य आठवले. तेव्हा ते मला चांगले जमल्यासारखे वाटले होते.

"जुना ड्राइव्ह कुठे आहे?"

"भंगारात," साडू म्हणाले.

"माझ्या पिशवीत," ताई म्हणाल्या. "तू टाकलास, मी उचलला. या घरात काय काय भंगारात काढतात ते मला माहीत आहे."

नव्या संगणकाला त्या ड्राइव्हची रुंद पिन बसेना. मी ज्या शाळेत शिकवत होतो तिच्या प्रयोगशाळेत तेवढा जुना संगणक अजून चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे तेथे गेलो.

दहावी डिस्क उघडली. अकरावी उघडली. अठ्ठाविसावीपर्यंत सगळ्या उघडल्या, आणि साडू प्रत्येक वेळी "बरं" म्हणत राहिले. मग मी पहिल्या नऊ लावल्या. आठवी आणि नववी उघडल्या. पहिल्या सात, ज्या नव्या ड्राइव्हवर सहज उघडत होत्या, त्या जुन्यावर उघडल्या नाहीत.

"म्हणजे दोन्ही मिळून नोंदी पुऱ्या आहेत," साडू म्हणाले आणि तो टंकलेला कागद घडी घालून खिशात ठेवू लागले.

"फाड तो," ताई म्हणाल्या.

"घरी जाऊन फाडतो."

"इथेच."

त्यांनी तो फाडला. "झालं समाधान? घरच्याच माणसांत एवढं काय."

"कागद टंकून घेताना मी कुठल्या घरची होते?"

साडू डिस्क गोळा करू लागले. ताईंनी आपला मोर्चा माझ्याकडे वळवला. "निरीक्षकाला कारण लेखी लागेल, सर. ह्याच्या हातचं नको. तुम्ही लिहा. आणि सगळं लिहा."

मी शाळेच्याच टेबलावर बसून लिहिले :

'जुन्या ड्राइव्हचे लिहिणारे-वाचणारे टोक काही वर्षांत मूळ रेषेपासून किंचित, एकाच दिशेने सरकत गेले. ते सरकलेल्या जागी लिहीत होते आणि लगेच त्याच जागेवरून वाचत होते, म्हणून प्रत्येक तपासणी यशस्वी झाली. दहाव्या डिस्कपर्यंत ते इतके सरकले की टोक योग्य जागी असलेल्या ड्राइव्हला ते लिखाण सापडेना. आणि आता ते स्वतःचेच पहिल्या सात डिस्कवरचे लिखाण वाचू शकत नाही. तपासणी दुसऱ्या ड्राइव्हवर केली असती तर दोष दहाव्या डिस्कलाच उघडकीस आला असता. तशी सूचना संगणक सांभाळणाऱ्या बाईंनी केली होती. ती मी फेटाळली. त्यांनी माझा नियम तंतोतंत पाळला. नियम चुकीच्या ठिकाणी लावलेला होता.'