चष्मेवाल्या पेशी

सुषमाने काचपट्टी तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि पुन्हा तेच दिसलं. पांढऱ्या पेशीच्या पोटातल्या गोळ्याला तीन-चार पाकळ्या असतात. निमोण्याच्या बानूबाईच्या पेशींत दोनच होत्या, मधे बारीक दोरा, थेट चष्म्यासारख्या. रंग बिघडला म्हणावं तर बाटली कालच फोडलेली. रक्त शिळं म्हणावं तर समोर बोट टोचून घेतलेलं. आता सबबच उरली नव्हती.

शिरूरच्या या लॅबचे डॉक्टर गुरुवारी दौंडला बसत. फोनवर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. साठीची बाई, थकवा, रक्त कमी, त्यात या पेशी, म्हणजे हाडातला मगज नासायला लागला असेल, आणि तिथून रक्ताचा कॅन्सर फार लांब नसतो. मात्र काही घराण्यांत अशा पेशी जन्मजात असतात आणि त्यांनी केसालाही धक्का लागत नाही. तेव्हा पोटच्या पोराचं रक्त बघ. त्यात चष्मे निघाले तर बाई सुखाने झोपेल, नाहीतर उद्याच पुण्याला, कमरेच्या हाडात सुई घालायला. चारपर्यंत कळव.

सुषमाने बानूबाईला आणि सोबत आलेल्या तिच्या मुलाला, सुरजला, सगळं सांगितलं. बानूबाईचा हात पदराशी थबकला. सुरज मात्र हसत बोट पुढे करून म्हणाला, "घ्या की ताई. खाण तशी माती."

त्याच्या पट्टीवर एकही चष्मा नव्हता. सुषमाने दोनशे पेशी मोजल्या, देवाला हात जोडून आणखी शंभर मोजल्या. मग तिने बानूबाईला एकटीला आत बोलावलं. अशी बातमी द्यायचा पगार तिला कुणी देत नव्हतं, तिला मनापासून चीड आली होती.

बानूबाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"सुरज माझ्या पोटचा न्हाई, पोरी. जावंचा हाय. ती बाळंतपणात गेली, मी शेळीच्या दुधावर वाढिवला त्याला. त्याला ह्यातलं काय बी ठाव न्हाई."

म्हणजे सुरजच्या रक्ताने काहीच सांगितलं नव्हतं. सुषमाने सख्ख्या भावंडांचं विचारलं. इनामगावला पाठचा भाऊ होता, हरिबा. पण बाई त्याला बोलवायला तयार होईना.

"आन् सुरजनं इचारलं, माझं रगात घेतलं तरी मामा कशाला, तर? मी मेले तरी चालंल, पर त्याला कळता कामा न्हाई."

सुषमाने तिला कशीबशी राजी केली. काहीतरी थाप मारू, असं ठरवून ती बाहेर आली, तर बाकडं रिकामं. मोटारसायकलही नव्हती. दोन वाजले, तीन वाजले. दौंडहून दोनदा फोन येऊन गेला.

साडेतीनला मोटारसायकल दारात थांबली. सुरजच्या मागून एक म्हातारा उतरला, नाकडोळा सगळा बानूबाईचा.

सुरजने सुषमाला बाजूला घेतलं. "मामाचं बघा, ताई. माझ्यात ते निघायचं न्हाई, मला ठाव व्हतं. बारा वर्साचा व्हतो तवाच कळलं. पर आईपुढं बोट द्याया नगं कसं म्हणू? तिला कळू देऊ नका."

हरिबाची पट्टी वाळेपर्यंत सुषमाला दम निघेना. रंग धुवून तिने ती भिंगाखाली धरली. पहिल्याच पेशीला चष्मा, दुसरीलाही. पुढे तर चष्म्यांचा बाजारच भरला होता. दौंडहून डॉक्टर मोठ्याने हसले. लोहाच्या गोळ्या द्या म्हणाले, महिन्याने परत बघू.

बानूबाईला हे सांगताना सुषमाचेच डोळे भरून आले. म्हातारीने ऐकलं, पण तिचं ध्यान दुसरीकडेच होतं. तिने हळूच विचारलं, "सुरजनं इचारलं का गं, मामा कशाला म्हून?"

"नाही मावशी," सुषमा म्हणाली. "त्याने काहीच विचारलं नाही."