न केलेला फोन

खुशालरावांनी खोलीचं दार लावून घेतलं, पलंगावरचा बहिणीचा मोबाइल उचलून तिच्याच हातात दिला आणि म्हणाले, "बाई, एक फोन कर. फक्त एक."

बाहेर बैठकीत सतरंज्या अंथरल्या जात होत्या. तासाभरात अकोल्याचे पाहुणे त्यांच्या रागिणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, येणार होते, आणि सहा पन्नासच्या रेडिओच्या बातम्यांत रागिणीच्या बापाचं नाव येणार होतं. धारणीजवळ खुशालरावांचं मुलींचं वसतिगृह. कालच्या जेवणातून तिथल्या एकोणीस मुलींना विषबाधा झाली होती. वार्ताहर पौर्णिमानं दुपारी फोन करून त्यांची बाजू विचारली, तेव्हाच बातमी अकोल्याच्या केंद्रावर पोचल्याचं त्यांना कळलं. आणि त्या केंद्रासकट देशातली सगळी केंद्रं ज्या राष्ट्रीय लोकप्रसारण मंडळाची, त्याच्या अध्यक्ष त्यांच्या याच सख्ख्या बहीण, ज्योत्स्नाबाई होत्या.

अध्यक्ष म्हटलं की माणसं उठून उभी राहत, पण काम पाहायला गेलं तर ज्योत्स्नाबाईंना स्वतःलाच हसू येई. महिन्यातून एकदा दिल्लीला जाऊन सभा चालवायची, आलेल्या कागदांवर सह्या करायच्या आणि बोलावतील तिथं हार घालून घ्यायचा. तीस वर्षं अकोल्याहून कापसाचे भाव वाचणारी बाई एवढी वर कशी गेली, हे कोडं त्यांनाही सुटलं नव्हतं. कोणीतरी निरुपद्रवी माणूस हवा असेल, असं त्या म्हणत. पण या निरुपद्रवी बाईंनी पहिल्याच सभेत एक ठराव रेटून मंजूर करून घेतला होता: मंडळातल्या कोणीही, कुठल्याही बातमीसाठी, कुठल्याही केंद्राला फोन करायचा नाही. वार्ताहरांच्या शिबिरांत त्या आपला नंबर फळ्यावर लिहून देत. दबाव आला तर सरळ मला कळवा, म्हणत. या खुर्चीवर बसून हातून काही झालं असेल तर एवढंच, असं त्यांना मनापासून वाटे.

"मले नाई करता येत, खुशाल," त्या म्हणाल्या.

"करता येत नाई का कराचा नाई?"

ज्योत्स्नाबाईंनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. वडिलांचा रेडिओच्या नोकरीला कडाडून विरोध होता, तेव्हा हाच खुशाल पहाटे सायकलवर डबलसीट घेऊन त्यांना अंजनगावच्या स्टँडवर सोडायचा आणि घरी येऊन बिनदिक्कत थापा मारायचा. त्यासाठी त्यानं मारही खाल्ला होता. आज त्यानं ते काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

आशाबाई आत आल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना काय ते समजलं. "दोन सोयरिका मोडल्या पोरीच्या," त्या नणंदेला म्हणाल्या, "तुमाले सोताचं लेकरू असतं, तर असं बसून राह्यल्या असत्या का?"

हे मात्र ज्योत्स्नाबाईंना आरपार लागलं. रागिणीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि तोंड धुवायला गेल्या.

पाहुणे वेळेवर आले. मुलाचे वडील नत्थुजी रिटायर कृषी सहायक होते. बाईंचा आवाज ऐकून आम्ही पेरण्या केल्या, असं त्यांनी साऱ्यांना दोनदा सांगितलं. कुंकू झालं. अंगठ्या अजून ताटातच होत्या. नत्थुजींनी घड्याळ पाहिलं आणि बाईंच्या घरी येऊन बातम्या न ऐकता जाणं बरं दिसत नाही, असं म्हणत खिशातून मोबाइल काढून रेडिओ लावला. खुशालराव म्हणाले, इथं आवाज नीट येत नाही. आशाबाईंनी चहाची घाई केली. पण नत्थुजींना बाईंचा मान ठेवायचा होता. त्यांनी सगळ्यांना चूप बसवलं.

धरणांचा साठा झाला. कापसाचे भाव झाले. परतवाड्याजवळ जीप उलटल्याची बातमी सुरू झाली, तेव्हा रागिणीनं आत्याचा हात घट्ट धरला. ज्योत्स्नाबाई त्या हाताकडे न पाहता ऐकत राहिल्या. मग हवामान आलं आणि बातमीपत्र संपलं.

खुशालरावांनी पेढा आणून बहिणीच्या हातावर ठेवला आणि सर्वांदेखत तिच्या पाया पडले. "लय उपकार झाले, बाई," ते हळूच म्हणाले.

"मी फोन केला नाई."

"नाई केला," ते डोळे पुसत म्हणाले. "कोणी इचारलं तर मी बी हेच सांगीन."

तेवढ्यात पर्समधला मोबाइल वाजला. त्या आतल्या खोलीत गेल्या. अकोल्याचे केंद्रप्रमुख शेषराव होते. घरी कार्य आहे हे कळलं होतं, ती बातमी थांबवली आहे, काळजी नसावी, असं ते हळू आवाजात सांगत होते. तुम्हाला कोणी सांगितलं, असं बाईंनी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे, मॅडम? एवढं आम्हाला समजतं."

आत्ताच्या आत्ता बातमी लावा, हे शब्द ओठांवर आले होते. पण तोही अध्यक्षांनी बातमीसाठी दिलेला हुकूमच झाला असता. त्यांनी फोन ठेवला. आपण एवढा राखलेला ठराव किती पोकळ होता, हे त्यांना कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

लगेच पौर्णिमाचा फोन आला. "मॅडम, दबाव आला तर मले कळवा म्हणत होत्या तुमी. आज कोणाले कळवू?"

"पौर्णिमा, मी कोणाला फोन केला नाही."

"हो, मॅडम." खुशालराव बोलले तशीच ती बोलली. तिचाही विश्वास बसला नव्हता.

"बातमी काय लिहिली होती? वाचून दाखव," बाई म्हणाल्या. दुपारी पाठवलेल्या तीनच ओळी होत्या. त्यांनी डोळे मिटून त्या दोनदा ऐकल्या.

बैठकीत अंगठ्यांचं ताट पुढं सरकवलं होतं. ज्योत्स्नाबाई ताटाशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज तीस वर्षांच्या सवयीचा होता.

"मेळघाटातल्या एका खासगी वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाल्यानं एकोणीस मुली आजारी पडल्या असून, दोघींना अमरावतीला हलवण्यात आलं आहे. मुलींना शिळं अन्न वाढल्याची तक्रार पालकांनी केली आहे. संस्थेचे अध्यक्ष खुशालराव यांनी मात्र दूषित पाण्यामुळं हा प्रकार घडल्याचं सांगितलं." त्या थांबल्या. "हे मघाशी वाचाचं होतं. मी या घरात हाये म्हून केंद्रानं वाचलं नाई."

आशाबाई मटकन खाली बसल्या. रागिणीनं मान वर केली नाही. पाहुण्यांतलं कोणी उठलं नाही.

नत्थुजींनी मोबाइल खिशात ठेवला आणि खुशालरावांना विचारलं, "त्या दोन पोरी कशा हायेत आता?"

खुशालरावांनी आशाबाईंकडे पाहिलं, मग बहिणीकडे. ज्योत्स्नाबाईंनी मान खाली घातली. दिवसभरात ते त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं.